सगळ्यात वाईट गोणी

पॅकिंग विभागाच्या साहेबांना सगळा कारखाना 'चकाचक' म्हणायचा. अर्थात पाठीमागे. तोंडावर 'साहेब'. हे नाव साहेबांच्या कानावर आलेलं होतं आणि, खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडायचंही. त्यांच्या मते ती पदवी होती. ज्यांनी दिली त्यांच्या मते ती काय होती, हे विचारायला साहेब कधी गेले नाहीत.

माणूस तसा वाईट नव्हता. कुणाचं वाकडं केलं नाही, कुणाला शिवी दिली नाही. खोड एकच. कुठलीही वस्तू दुसऱ्याला दाखवायची म्हटली की आधी ती पुसायची. मालकांच्या केबिनमध्ये जाण्याआधी साहेब दाराबाहेर एका पायावर उभे राहायचे आणि दुसऱ्या पायाचा बूट पोटरीवर घासायचे. मग पाय बदलायचे. बूट झकास दिसायचे आणि पँटीच्या मागच्या बाजूला कायम दोन मळके पट्टे असायचे. ते मालकांना दिसू नयेत म्हणून साहेब केबिनमधून निघताना मालकांकडे तोंड करून उलट्या पावलांनी बाहेर यायचे. मालकांना वाटायचं, काय हा आदर!

घरीही तोच कारभार. पाहुणे येणार म्हटलं की पुढच्या खोलीतलं सगळं उचलून झोपायच्या खोलीत कोंबलं जायचं. वाळत घातलेले कपडे, इस्त्रीचं टेबल, औषधांच्या बाटल्या, बिघडलेला पंखा, दुरुस्तीला द्यायची म्हणून ठेवलेली आणि कधीच न दिलेली मिक्सरची भांडी. मग दार ओढून घ्यायचं. त्या दाराची कडी नीट बसत नव्हती, म्हणून दाराला पाठ लावून कुणीतरी खुर्ची टाकून बसायचं. हे कुणीतरी म्हणजे बायको.

"वहिनी, तिकडे काय बसलात? या की सोफ्यावर," पाहुणे म्हणायचे.

"मी इथेच बरी आहे," बायको म्हणायची, आणि पाठीला दाराचा रेटा सोसत हसायची.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कडी बदलून घ्यावी असं साहेबांच्या मनात आलं नाही. कडी पाहुण्यांना कुठे दिसते?

तर अशा या माणसावर मालकांनी एक जबाबदारी टाकली. कारखान्यात भिंतीला लावायची पुट्टी तयार व्हायची. पांढरी, पिठासारखी बारीक पावडर. ती कागदी गोण्यांत भरायची, गोण्या पट्ट्यावरून पुढे सरकायच्या आणि पट्ट्याच्या टोकाला उभे असलेले लोडर त्या उचलून लाकडी पॅलेटवर थरावर थर रचायचे. मालकांनी एका प्रदर्शनात हे काम रोबोला करताना पाहिलं आणि तिथेच एक रोबो घेऊन टाकला. रोबो आला. त्याला खांदा होता, कोपर होतं, मनगट होतं. पंजा नव्हता. पंजा वेगळा घ्यायचा असतो, हे प्रदर्शनात कुणी मालकांना सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

"पंजा तुम्ही निवडा," मालक साहेबांना म्हणाले. "आपले कारखानाप्रमुख आता निवृत्त होतायत. हा रोबो मला चालताना दाखवा, खुर्ची तुमची."

साहेब उलट्या पावलांनी बाहेर आले ते तरंगतच. कारखानाप्रमुखाची खुर्ची! उंच पाठीची, गोल फिरणारी, हातांवर कातडं चढवलेली. निवृत्त होऊ घातलेले प्रमुख जेवायला गेले की साहेब कधीमधी काहीतरी कागद ठेवायच्या निमित्ताने त्या केबिनमध्ये जायचे आणि खुर्चीची पाठ रुमालाने पुसून यायचे. बसले मात्र कधी नव्हते. घरी जाऊन त्यांनी बायकोला बातमी सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आता पाहुणे वाढणार."

पंजा निवडायचा म्हणजे काय, तेही सांगून टाकतो, फार अवघड नाही. व्हॅक्यूमच्या पंजाला रबरी वाट्या असतात. त्या गोणीवर टेकतात, आतली हवा ओढून घेतात, गोणी चिकटते आणि उचलली जाते. पण वाटी आणि गोणी यांच्यामध्ये पावडर आली किंवा कागदाला सुरकुती असली, की फटीतून हवा आत शिरते आणि चिकटणं संपलं. अशा गोणीला मऊ स्पंजाची गादी लागते, हवा धो धो ओढणारा मोठा ब्लोअर लागतो, पावडर अडवायला गाळणी लागते. गोणी स्वच्छ आणि गुळगुळीत असेल तर छोट्या वाट्या आणि छोटासा पंप पुरतो. म्हणजे पंजा निवडण्याआधी आपली गोणी कशी आहे हे कबूल करावं लागतं. साहेबांचं घोडं अडलं ते इथे.

पंजे विकणारे दोघे समोर आले. पहिला टायवाला. त्याच्या बॅगेत चकचकीत धातूचा एक देखणा पंजा होता, त्यावर निळ्या वाट्या ओळीने बसवलेल्या. त्याने तो टेबलावर ठेवला, तेव्हा साहेबांना टेबलाची लाज वाटली.

"काही नाही सर, चार गोण्या सँपल म्हणून पाठवा. आम्ही टेस्ट करून व्हिडिओ पाठवतो," टायवाला म्हणाला.

दुसरी एक इंजिनिअरबाई. तिने फोनवर तिच्या पंजाचा फोटो पाठवला. करड्या स्पंजाचा एक ठोकळा, त्याला जाडजूड पाइप आणि पाइपच्या टोकाला पिंपाएवढा ब्लोअर. बघताक्षणी साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. हे मालकांच्या पाहुण्यांना कसं दाखवायचं?

"सँपल पाठवू ना?" त्यांनी विचारलं.

"पाठवा. पण मला तुमची सगळ्यात वाईट गोणी पाठवा."

"काय म्हणालात?"

"सगळ्यात वाईट. फुटायला आलेली, पावडरीने माखलेली, दमट, कशीही. चांगली गोणी काय, कुठलाही पंजा उचलतो."

साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. पहिल्या ओळखीत हे असं बोलणं! एखाद्याच्या घरी पहिल्यांदा यावं आणि सरळ झोपायच्या खोलीचं दार उघडा म्हणावं, तशातली गत. "बाई," ते आवाजात जमेल तेवढा थंडपणा आणून म्हणाले, "आमच्याकडे वाईट गोणी निघत नाही."

मग त्यांनी दोघांसाठी सँपल तयार करायला घेतलं. नव्या गठ्ठ्यातल्या बिनसुरकुतीच्या गोण्या निवडल्या. त्या मशीनवर भरल्या नाहीत, नरसाळ्याने हाताने भरून घेतल्या. आधी ओल्या फडक्याने पुसल्या, मग कोरड्या, मग स्वतःच्या रुमालाने. फळीखाली दाबून सपाट केल्या. गाडीच्या मागच्या सीटवर स्वच्छ चादर अंथरून त्यावर ठेवल्या आणि वळणावर सरकू नयेत म्हणून त्यांना पट्टा लावला. लोडरांचा मुकादम हे सगळं तोंडात बोट घालून पाहत होता. त्याला कामाची आवड बेताचीच होती, पण दुसऱ्याचं काम बघायची भारी हौस.

"साहेब, त्यांना खिडकीची सीट नको का?" त्याने विचारलं. साहेबांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

टायवाल्याचा व्हिडिओ आला. मागे संगीत, आणि गोण्या अलगद वर जातायत, अलगद खाली येतायत. साहेबांनी तो घरी जेवताना पुन्हा पुन्हा पाहिला. इंजिनिअरबाईने व्हिडिओ पाठवला नाही. ती स्वतःच आली, न कळवता.

साहेबांनी तिला गेटवरूनच मीटिंगच्या खोलीत नेलं, चांगल्या कपांतून चहा मागवला, बिस्किटं मागवली. ती म्हणाली, "त्या गोण्या कुणी पुसल्यायत का हो?"

"छे! आमच्याकडे अशाच निघतात."

"मग माझा पंजा घेऊ नका. तुम्हाला छोट्या वाट्या पुरतील. पण एकदा पॅकिंग हॉल बघू द्या ना, दोन मिनिटं."

"हॉलमध्ये रंगकाम चाललंय," साहेब म्हणाले.

बाईने चहाचा घोट घेतला. ती साहेबांच्या डोक्याच्या बाजूला कुठेतरी टक लावून पाहत होती. "साहेब, राग मानू नका," ती म्हणाली, "पण तुमच्या कानात पुट्टी आहे."

साहेबांचा हात कानाकडे गेला. कानाच्या घडीत पांढरी पावडर बसलेली होती, चांगली बोटाला लागेल एवढी. दिवसभर हॉलमध्ये उभं राहणाऱ्या प्रत्येकाच्या कानात असायची तशी. साहेबांनी बूट पुसले होते, चष्मा पुसला होता, टेबल पुसलं होतं, बिस्किटांची बशीसुद्धा पुसली होती. कान राहिला होता. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. बाई वाईट हेतूने बोलली नव्हती, उलट तिला हसूही आलं नव्हतं, आणि हेच साहेबांना जास्त लागलं. संध्याकाळपर्यंत टायवाल्याला ऑर्डर गेली. कारखान्याच्या कागदावर निवडीचं कारण 'आधुनिक रचना' असं लिहिलं गेलं. खरं कारण कान.

पंजा आला, रोबोच्या मनगटाला बसला आणि हॉलमध्ये जसा काही आरसा लागला. टायवाल्याने साहेबांनीच जपून ठेवलेली एक सँपलची गोणी पट्ट्यावर ठेवली. रोबो वाकला, वाट्या टेकल्या, गोणी वर गेली, पॅलेटवर उतरली. टाळ्या. टायवाल्याने सगळ्यांशी हात मिळवले, सही घेतली आणि तो निघून गेला.

मग मुकादमाने मशीनवरून आलेली रोजची गोणी सोडली. ती नेहमीसारखीच होती. तोंडाशी सुरकुतलेली, अंगावर पावडरीचा थर, एक कोपरा दुमडलेला. वाट्या तिच्यावर टेकल्या आणि फुसफुसल्या. गोणी वीतभर वर उचलली गेली, क्षणभर विचारात पडल्यासारखी लोंबकळली आणि खाली आपटून फुटली. हॉल पांढरा झाला. धुरळा बसला तेव्हा लोडर पोट धरून हसत होते आणि साहेब पिठाच्या डब्यातून काढल्यासारखे दिसत होते. दुसरी गोणी फुटली. तिसरी उचललीच गेली नाही.

साहेबांनी टायवाल्याला फोन लावला. त्याने काखा वर केल्या. "सर, आमच्या कागदावर लिहिलंय ना, स्वच्छ, कोरडा, गुळगुळीत पृष्ठभाग. तुम्ही पाठवलेलं सँपल अगदी तसं होतं. फार सुंदर सँपल होतं, सर. आम्ही ते आमच्या ऑफिसात दर्शनी ठेवलंय."

मालक पुढच्या आठवड्यात रोबो बघायला हॉलमध्ये येणार होते, आणि एकटे नाही. त्यांच्या धंद्यात पैसा घालू पाहणारे काही बडे लोक बरोबर असणार होते. साहेब स्वतःच्या केबिनमध्ये दार लावून बसले. मार्ग दोन होते, हे त्यांनाही कळत होतं. मालकांकडे जाऊन 'पंजा चुकला, मी चुकवला' असं सांगायचं, बाईचा ठोकळा मागवायचा आणि खुर्चीवर पाणी सोडायचं. त्यांनी बाईचा नंबर लावलासुद्धा.

"बोला साहेब," ती म्हणाली. "पाठवताय का वाईट गोणी? बघू या काय करता येतं."

तिच्या आवाजात जुना राग नव्हता, उपकाराची भाषा नव्हती. साहेबांच्या तोंडाशी 'हो' आलं होतं, अगदी आलंच होतं. त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोर ती उंच पाठीची खुर्ची आली, आणि आपोआप त्यांचं बोट कानाकडे गेलं. "राँग नंबर," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मला इथे साहेबांची कीव येते, आणि रागही येतो, आणि दोन्हींत राग थोडा जास्त आहे.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये प्लायवूडचं पार्टिशन उभं राहिलं. गोण्या आता मशीनवरून निघून आधी पार्टिशनच्या मागे जायच्या. तिथे लोडर फडकी घेऊन बसलेले. एक जण झटकायचा, एक ओल्याने पुसायचा, एक कोरड्याने, एक सुरकुत्या थापटून सपाट करायचा. मग ती न्हायलेली गोणी पार्टिशनच्या खिडकीतून बाहेर यायची आणि रोबो तिला अदबीने उचलायचा. रोबो थांबत नव्हता, त्यामुळे पुसणारे कमी पडायला लागले. पूर्वी जितके लोडर गोण्या उचलायचे, त्याहून जास्त माणसं आता त्या पुसायला लागली. कुणी नवीन आलं की मुकादम त्याला शिकवायचा.

"तुला कमीपणा नाही ना वाटत?" साहेबांनी एकदा मुकादमाला ओशाळून विचारलं.

"कमीपणा? साहेब, तुमच्या रोबोला उदंड आयुष्य लाभो," मुकादम म्हणाला. "आयुष्यभर उचललं, कंबर गेली. आता बसून पुसतो. असला शोध कुणी लावला नव्हता!"

मालक आले. बडे लोक आले. कपड्यांवर एक कण पडू नये म्हणून साहेबांनी त्यांना पांढरे कोट दिले होते. पार्टिशनला एक दार होतं. सुताराने घाईत बसवलेलं, आणि त्याची कडी, काय सांगावं, नीट बसत नव्हती. साहेब त्या दाराला पाठ लावून उभे राहिले आणि तिथूनच हातवारे करून माहिती देऊ लागले. रोबो एकेक गोणी उचलून पॅलेटवर ठेवत होता. बडे लोक माना डोलावत होते.

"साहेब, इकडे पुढे या ना, नीट दाखवा," त्यांच्यातला एक म्हणाला.

"मी इथेच बरा आहे," साहेब म्हणाले. हे वाक्य आपण कुठेतरी ऐकलंय असं त्यांना वाटलं, पण कुठे ते आठवायला सवड नव्हती.

"आधी इथे जी माणसं होती, ती कुठे गेली?" त्याच पाहुण्याने विचारलं.

"दुसऱ्या कामाला लावली, सर."

तेवढ्यात दारामागून शिंक आली. चांगली दणदणीत, पुट्टी नाकात गेल्यावर येते तशी. साहेबांच्या पाठीला दार थरथरलेलं जाणवलं.

"हे काय?" मालकांनी विचारलं.

"पंप, सर. व्हॅक्यूमचा पंप."

पंप पुन्हा शिंकला. त्यापाठोपाठ पंपाने नाक शिंकरलं. मालकांनी दाराकडे पाहिलं. मग साहेबांकडे पाहिलं, त्यांच्या घामाने डवरलेल्या कपाळाकडे, दाराला रेटून धरलेल्या पाठीकडे. मग त्यांनी आपल्याबरोबर आलेल्या बड्या लोकांकडे पाहिलं, त्यांच्या कौतुकाने भरलेल्या चेहऱ्यांकडे. मालकांच्या डोळ्यांत काहीतरी हललं आणि शांत झालं.

"फार ताकदीचा पंप आहे," मालक पाहुण्यांना म्हणाले. "चला, चहा घेऊ."

संध्याकाळी साहेबांना मालकांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. या वेळी बूट पुसायचंही त्यांना सुचलं नाही. खरं बोलायचं, एवढं त्यांनी ठरवलं होतं. कारण मालकांना कळलंय, हे त्यांना कळलं होतं. निदान आपल्या तोंडून गेलेलं बरं.

"सर, तो पंजा..." त्यांनी सुरुवात केली.

"उत्तम आहे," मालक म्हणाले. "पाहुणे खूश आहेत. पैसे घालतायत. आपण दुसरा कारखाना काढतोय, भाजलेल्या चुन्याचा. याच्यापेक्षा दुप्पट धूळ. तिकडच्या सगळ्या लाइनींना हाच पंजा मी सांगून टाकलाय. आणि तिकडचे कारखानाप्रमुख तुम्ही."

"पण सर, मला एक..."

"खुर्ची हवी होती ना तुम्हाला?" मालक हसले. ते हसू साहेबांनी आजवर कधी पाहिलं नव्हतं, कारण असं हसू मालक बरोबरीच्या माणसांसाठी राखून ठेवायचे. "पाहुणे तिकडेही येत राहतील. तुमच्यासारखा माणूस मला दुसरा मिळायचा नाही. आणि हो, तो शिंकणारा पंप. तोही बरोबर घेऊन जा."

साहेबांना आनंद व्हायला हवा होता. तो कुठे अडकलाय हे ते घरी पोचेपर्यंत शोधत होते. घरी बायकोने तोंड गोड केलं, नातेवाइकांना फोन केले, आणि मग तिच्या लक्षात आलं की नवे कारखानाप्रमुख बूटसुद्धा न काढता झोपायच्या खोलीच्या दारात उभे आहेत.

"अहो, काय शोधताय?"

"जुनी फडकी. चादरी, टॉवेल, काहीही. सुती हवं. आहेत का आतमध्ये?"

"कोण येणार आहे?"

"कुणी नाही. तिकडे लागतील. रोज."

बायको नवऱ्याकडे पाहत राहिली. इतक्या वर्षांनंतर तिला सगळं सांगावं लागत नसे. तिने दार उघडलं, आतला पसारा सावकाश बाजूला केला आणि एकेक जुनी चादर काढून त्यांच्या हातांवर रचत गेली. ढीग साहेबांच्या हनुवटीपर्यंत आला तेव्हा ती थांबली.

"एवढ्यात होईल?"

"आत्तापुरतं होईल."

"आणि तिकडे दाराला पाठ लावून कोण बसणार?"

साहेबांनी चादरींवरून तिच्याकडे पाहिलं. उंच पाठीची खुर्ची, गोल फिरणारी. ती दाराला टेकवून ठेवली, तर फिरायची नाही.

"मीच," ते म्हणाले.